घरातले चार रिमोट आणि एक आजी : युनिव्हर्सल रिमोट कसा निवडायचा, कसा सेट करायचा?



तुमच्या घरी टीव्हीसमोरच्या टीपॉयवर किती रिमोट पडलेले असतात? आमच्या कराडच्या घरी चार होते. एक टीव्हीचा, एक डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सचा, एक साउंडबारचा आणि एक स्ट्रीमिंग स्टिकचा. मला चारही रिमोट तोंडपाठ, कारण दिवाळीच्या सुट्टीत ही सगळी जोडाजोडी मीच केली होती. सुट्टी संपली, मी पुण्याला हॉस्टेलवर परत आलो आणि रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आजीचे फोन सुरू झाले.

"अरे बाळा, टीव्ही लागंना झालाय. निळा पडदा आलाय नुसता."

"आजी, तू कुठल्या रिमोटचं बटण दाबलंस?"

"काळ्या."

चारही रिमोट काळेच होते.

आई हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. तिची दुपारची ड्युटी असली की घरी यायला रात्रीचे साडेनऊ वाजतात. तोवर घरात आजी एकटी. सातला तिचं कीर्तन असतं, आठला मालिका. फोनवरून टीव्ही लावून देण्याचा माझा कार्यक्रम वीस-वीस मिनिटं चालायचा. कधी जमायचं, कधी नाही. मग फोन यायचे बंद झाले. मला वाटलं, शिकली आजी! पण एकदा आईच म्हणाली, "अरे, टीव्ही लागला नाही तर ती हल्ली गप्प बसून राहते. म्हणते, पोराच्या अभ्यासात कशाला खोडा घालायचा."

हे ऐकून खरंच लाज वाटली. टीव्ही बघणार आजी, आणि मी तो असा जोडून ठेवला होता की माझ्याशिवाय कोणाला लावता येऊ नये.

तेव्हा मी युनिव्हर्सल रिमोटच्या मागे लागलो. तीन प्रयत्न केले. पहिले दोन फसले, तिसरा जमला, आणि जमला तो सगळ्यात स्वस्त होता. या लेखात मी जे शिकलो ते सगळं सांगतो: रिमोट काम कसा करतो, कुठल्या घराला कुठला प्रकार चालेल, तो सेट कसा करायचा आणि कुठे अडकायला होतं.

सगळ्यात आधी हे तपासा: कोणतं उपकरण रिमोटचं कसं ऐकतं?

दुकानात जाऊन "युनिव्हर्सल रिमोट द्या" म्हणण्याआधी घरी दहा मिनिटं काढा. टीव्हीजवळच्या वस्तू रिमोटचं चार प्रकारे ऐकतात.

१. इन्फ्रारेड. रिमोटच्या तोंडाशी छोटा एलईडी असतो. त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो. समोर मध्ये उशी आली तरी हा अडतो. बहुतेक टीव्ही, डीटीएच बॉक्स, साउंडबार आणि एसी याच पद्धतीवर चालतात.

तपासायचं कसं? फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड लेन्सकडे धरा आणि बटण दाबून ठेवा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला तर तो इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फी कॅमेऱ्याने बघा, कारण बऱ्याच फोनमध्ये मागच्या कॅमेऱ्याचा फिल्टर हा उजेड जास्त अडवतो. रिमोट बिघडलाय की टीव्ही, हे ओळखायलाही हीच युक्ती कामाला येते.

२. ब्लूटूथ. स्ट्रीमिंग स्टिकचे आणि माइक असलेले बरेच रिमोट ब्लूटूथवर चालतात. रिमोट घेऊन शेजारच्या खोलीत जा आणि मेन्यूचं बटण दाबा. तिथूनही चाललं तर तो ब्लूटूथ किंवा तसाच रेडिओवर चालणारा आहे. त्याच खोलीत नुसतं तोंड फिरवून बघू नका. इन्फ्रारेड भिंतीवर आपटूनही टीव्हीपर्यंत पोहोचतो आणि आपण फसतो.

३. वाय-फाय. फोनमधलं ॲप रिमोटसारखं वापरता येतं. अँड्रॉइड टीव्ही असेल तर गुगल टीव्ही ॲपमध्येच रिमोट आहे. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असले की काम होतं.

४. एचडीएमआय-सीईसी. हे अनेकांना माहीतच नसतं. एचडीएमआय केबलमधून चित्र-आवाजाबरोबर हुकूमही जातात. म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो किंवा स्टिकचा मेन्यू फिरतो. गंमत अशी की प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्प्लिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही नावं शोधा.

आता महत्त्वाचा मुद्दा. बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त युनिव्हर्सल रिमोट फक्त इन्फ्रारेड बोलतात. फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड ऐकणारा सेन्सरच नाही. त्यामुळे असा रिमोट तिच्यासमोर कितीही नाचवला तरी ती हलणार नाही. आणखी एक गोंधळ: काही स्टिकचे रिमोट मिश्र असतात. मेन्यू ब्लूटूथवर चालतो, पण टीव्हीचा आवाज आणि पॉवर इन्फ्रारेडवर. म्हणून एकच बटण तपासून निकाल देऊ नका. पॉवर, आवाज आणि बाण, तिन्ही तपासा.

आमच्या घरचा हिशेब असा निघाला: टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार इन्फ्रारेडवर, स्टिक ब्लूटूथवर. तुम्हीही असाच कागदावर लिहून काढा. पुढचे सगळे निर्णय त्या कागदावरून होतात.

त्या न दिसणाऱ्या उजेडात असतं काय?

थोडं आत डोकावू, कारण पुढच्या अडचणी समजायला हे लागतं.

बटण दाबल्यावर एलईडी नुसता पेटत नाही, तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो. यालाच ३८ किलोहर्ट्झ म्हणतात. उन्हातही इन्फ्रारेड असतो, दिव्यांतही असतो. त्या गर्दीतून टीव्हीचा सेन्सर फक्त या वेगाने लुकलुकणारा उजेड उचलतो.

हे लुकलुकणं सलग नसतं, तुटक तुटक असतं. त्या लांब-आखूड तुकड्यांमधून शून्य आणि एक तयार होतात. एनईसी नावाची पद्धत खूप ठिकाणी वापरली जाते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब इशारा असतो, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि मग ३२ बिटचा निरोप. त्या निरोपात दोन गोष्टी: हा निरोप कोणासाठी आहे आणि त्याने काय करायचं. चूक पकडता यावी म्हणून दोन्ही गोष्टी उलट करून पुन्हा पाठवल्या जातात.

सगळ्यांची पद्धत मात्र एक नाही. सोनीची स्वतःची पद्धत ४० किलोहर्ट्झवर आहे, फिलिप्सची आरसी-५ ही ३६ किलोहर्ट्झवर. म्हणून एका कंपनीचा रिमोट दुसरीच्या टीव्हीला चालत नाही. युनिव्हर्सल रिमोट म्हणजे एकतर अनेक भाषा आधीच शिकून आलेला, नाहीतर ऐकून पाठ करणारा.

प्रकार किती आणि कोणासाठी कोणता?

कोडवाला रिमोट. याच्या पोटात अनेक कंपन्यांचे कोड भरलेले असतात. सोबतच्या कागदावरून आपल्या टीव्हीचा कोड टाकायचा किंवा ऑटो सर्चवर सोडून टीव्ही बंद होईपर्यंत वाट बघायची. नावाजलेल्या कंपनीचा टीव्ही असेल तर काम पटकन होतं. लोकल असेंबल केलेला टीव्ही असेल तर कोड सापडेलच असं नाही. कधी कधी अर्धवट सापडतो, म्हणजे आवाज चालतो पण मेन्यू उघडत नाही. तेव्हा यादीतला पुढचा कोड टाकून बघायचा.

लर्निंग रिमोट. याला जुना रिमोट समोर धरून एकेक बटण शिकवायचं. कंपनी कुठलीही असो, फरक पडत नाही. अट एकच: जुना रिमोट चालू स्थितीत हवा. म्हणून मित्रांनो, टीव्हीच्या रिमोटची बटणं झिजायला लागली की लगेच हे काम करून टाका. तो पूर्ण मेल्यावर शिकवणार कोण?

आपल्याकडे याचं सगळ्यात सोपं रूप म्हणजे डीटीएच बॉक्ससाठी मिळणारा लर्निंग रिमोट. त्यावर बॉक्सची सगळी बटणं तयार असतात, आणि टीव्हीसाठी चार-पाच बटणं रिकामी: पॉवर, सोर्स, आवाज वर, आवाज खाली, म्यूट. ती आपण शिकवायची. घेताना आपल्या डीटीएच कंपनीचाच मागा.

प्रोग्रॅमेबल रिमोट. यात मॅक्रो करता येतो, म्हणजे एका बटणावर तीन-चार हुकूम लागोपाठ. कल्पना जुनी आहे. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक याने १९८७ मध्ये आपल्या सीएल ९ या कंपनीतून 'कोअर' नावाचा असा रिमोट आणला होता. पुढे लॉजिटेकचे हार्मनी रिमोट गाजले. 'टीव्ही बघा', 'सिनेमा बघा' असं एक बटण दाबलं की बाकीचं तो करायचा. २०२१ मध्ये लॉजिटेकने हे रिमोट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. जुन्या ग्राहकांना मदत चालू राहील असंही सांगितलं. तरी यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: ज्या रिमोटचं सेटिंग फक्त कंपनीच्या ॲपमधूनच होतं, तो घेताना कंपनीच्या भरवशावर घेतोय हे माहीत असू द्या.

फोनमधला आयआर ब्लास्टर. शाओमी, रेडमी, पोकोच्या बऱ्याच फोनना वरच्या कडेला छोटा काळा ठिपका असतो, तोच हा. ॲपमध्ये कंपनी निवडली की फोनचा रिमोट होतो. आयफोनमध्ये ही सोय नाही.

वाय-फाय आयआर ब्लास्टर. हॉलमध्ये ठेवायची छोटी डबी. फोनवरून किंवा अलेक्सा, गुगल असिस्टंटला बोलून हुकूम द्यायचा, डबी तो इन्फ्रारेडमध्ये बदलून फेकते. घेताना बघा, यातल्या बऱ्याच डब्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटर बंद पडला की डबीही बसली.

माझा पहिला प्रयत्न: फोन

माझ्या फोनला आयआर ब्लास्टर आहे. एका शनिवारी कराडला गेलो, ॲपमध्ये टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार, तिन्ही बसवले. पाच मिनिटांत काम झालं. आजीला चालवून दाखवलं, तिनेही कौतुक केलं. रविवारी रात्री मी एसटीत बसलो आणि रिमोट माझ्याबरोबर पुण्याला निघाला.

हसू नका. ही चूक खूप जण करतात. फोन हा एका माणसाचा असतो, टीव्ही घराचा. फोन चार्जिंगला असतो, खिशात असतो, कॉलवर असतो. हॉस्टेलच्या खोलीत किंवा तात्पुरत्या सोयीला ॲप उत्तम. घराचा मुख्य रिमोट म्हणून नको.

दुसरा प्रयत्न: मॅक्रो

मग मी पैसे साठवून मॅक्रोवाला रिमोट ऑनलाइन मागवला. एका बटणावर हे बसवलं: टीव्हीची पॉवर, बॉक्सची पॉवर, पाच सेकंद थांब, साउंडबारची पॉवर, मग सोर्स. माझ्यासमोर दहापैकी दहा वेळा बरोबर चाललं. मी खूश.

तीन दिवसांनी आजीचा फोन. "निळा पडदा."

झालं असं की दुपारी लाईट गेली होती. लाईट परत आल्यावर टीव्ही स्टँडबायवर राहिला, पण आमचा बॉक्स आपोआप चालू झाला. संध्याकाळी आजीने बटण दाबलं. टीव्ही चालू झाला आणि त्याच बटणाने चालू असलेला बॉक्स बंद झाला. तिने पुन्हा दाबलं. आता टीव्ही बंद, बॉक्स चालू. ती दाबत राहिली, दोघं आळीपाळीने पेटत राहिले.

याचं कारण समजून घ्या, कारण मॅक्रोची खरी मेख इथेच आहे. बहुतेक रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं. त्या सिग्नलचा अर्थ 'चालू हो' असा नसतो, 'आहेस त्याच्या उलट हो' असा असतो. याला टॉगल म्हणतात. इन्फ्रारेड एकेरी आहे. रिमोट फक्त बोलतो, समोरचा चालू आहे की बंद हे त्याला कळतच नाही. काही उपकरणांना 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड असतात, पण ते नेहमीच्या रिमोटच्या बटणांवर नसल्यामुळे शिकवता येत नाहीत. असे कोड रिमोटच्या यादीत आधीच असतील तरच मॅक्रो भरवशाचा होतो. नसतील तर एक उपकरण जरी चुकलं तरी सगळी रांग उलटी होते.

त्या रिमोटवर एक मदतीचं बटणही होतं, छोट्या स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न विचारणारं. आजी म्हणाली, "हे मला काय विचारतंय ते तूच बघ."

तिसरा प्रयत्न: बटणं कमी करा

कराडच्या बाजारपेठेत एक रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथल्या काकांना सगळी कहाणी सांगितली. ते म्हणाले, "आजीला काय काय करायचं असतं टीव्हीवर?" मी विचार केला. चालू-बंद, आवाज, चॅनल. बस्स. काका म्हणाले, "मग चार मशिनी चालवणारा रिमोट कशाला शोधतोस? तिला चालवाव्या लागणाऱ्या मशिनी कमी कर."

मी रिमोट शोधत होतो, आणि खरी गरज होती वायरिंग बदलायची. मग हे केलं:

पहिलं, साउंडबार. तो मी ऑप्टिकल केबलने जोडला होता. ऑप्टिकलमधून फक्त आवाज जातो, हुकूम जात नाहीत. ती काढली आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' लिहिलंय, त्यातून साउंडबार जोडला. टीव्ही आणि साउंडबार, दोन्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं. आता टीव्ही लावला की साउंडबार आपोआप लागतो, टीव्हीच्या आवाजाच्या बटणांनी साउंडबारचाच आवाज बदलतो. एक रिमोट गेला.

दुसरं, बॉक्सची पॉवर. रात्री आई मेन स्विच बंद करते. सकाळी तो लावला की बॉक्स आपोआप चालू होतो आणि दिवसभर चालूच राहतो. म्हणजे त्याच्या पॉवर बटणाला हात लावायची गरजच नाही. तुमचा बॉक्स मेन स्विच दिल्यावर आपोआप लागतो का, हे एकदा तपासा.

तिसरं, बॉक्सचा आवाज. इथे एक लपलेली अडचण असते. बॉक्सला स्वतःचा आवाज असतो आणि टीव्हीला वेगळा. बॉक्सचा चुकून कमी झाला की टीव्हीचा कितीही वाढवा, ऐकू येत नाही. मी बॉक्सचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला.

चौथं, स्ट्रीमिंग स्टिक. ती मी घरी असतानाच लागते. तिचं बटण दाबलं की सीईसीमुळे टीव्ही स्वतःहून स्टिकवर उडी मारतो. म्हणून तिचा रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता उरलं काय? टीव्हीची पॉवर, टीव्हीचा आवाज आणि बॉक्सचे चॅनल. एवढ्याला डीटीएचचा लर्निंग रिमोट पुरतो. काकांकडून तीनशे रुपयांच्या आत मिळाला.

बटणं शिकवायची कशी?

मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, सोबतचा कागद वाचाच. पण बहुतेक रिमोटची पद्धत अशी असते:

१. दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घाला. अर्धमेल्या सेलवर शिकवलेलं बटण पुढे दगा देतं.

२. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवा, तोंडाला तोंड. मध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर. खिडकीतलं थेट ऊन पडणार नाही अशी जागा बघा.

३. नव्या रिमोटचं सेट बटण लाल दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून धरा.

४. नव्या रिमोटवरचं जे बटण शिकवायचं, ते एकदा दाबा. दिवा लुकलुकायला लागेल, म्हणजे तो ऐकतोय.

५. जुन्या रिमोटवरचं तेच बटण एकदा, थोडंसं दाबून सोडा. खूप वेळ दाबून धरू नका, नाहीतर 'पुन्हा पुन्हा' असा सिग्नल त्यात मिसळतो.

६. दिवा दोन-तीन वेळा लुकलुकून स्थिर झाला की बटण शिकलं. पुढचं घ्या. सगळी झाली की सेट दाबून सेव्ह करा.

प्रत्येक बटण टीव्हीवर लगेच चालवून बघा, आणि एकदा नाही, लागोपाठ पाच वेळा. का ते पुढे सांगतो.

सोर्सचं बटण मी मुद्दाम शिकवलं नाही. आजीचा निळा पडदा दर वेळी त्याच बटणामुळे यायचा. हात अंधारात तिथे पडायचा, टीव्ही एचडीएमआय एकवरून दोनवर जायचा आणि समोर काहीच नाही. आता ते बटण रिमोटवर आहे, पण दाबलं तरी काही होत नाही. तुम्हीही शिकवताना आधी हे ठरवा की कोणती बटणं शिकवायची नाहीत.

अडचणी आणि उपाय

बटण एकदा चालतं, दुसऱ्यांदा नाही. आरसी-५ सारख्या पद्धतीत प्रत्येक नव्या दाबण्याला एक बिट बदलतो, म्हणजे टीव्हीला कळतं की बटण सोडून पुन्हा दाबलं. लर्निंग रिमोट मात्र दर वेळी तोच रेकॉर्ड वाजवतो. टीव्हीला वाटतं, बटण दाबूनच ठेवलंय. मध्ये दुसरं बटण दाबलं की पुन्हा चालतं. असं झालं तर कोडवाला रिमोट घ्या, तो ही पद्धत नीट जाणतो. पाच वेळा दाबून बघायला सांगितलं ते याचसाठी.

एसीचं बटण शिकवलं आणि तापमान भलतंच येतं. एसीचा रिमोट 'एक डिग्री वाढव' एवढंच पाठवत नाही. दर वेळी तो पूर्ण स्थिती पाठवतो: मोड, तापमान, पंख्याचा वेग, सगळं. म्हणून शिकवलेलं बटण कायम एकच स्थिती पाठवेल. २५ डिग्री, कूल, मंद पंखा अशी एक ठरलेली स्थिती एका बटणावर हवी असेल तर चालेल. बाकी एसीसाठी वेगळा कोडवाला रिमोट घ्या.

सेल बदलल्यावर सगळं विसरला. काही स्वस्त रिमोट सेल काढले की शिकवलेलं विसरतात. घेताना दुकानातच एक बटण शिकवून, सेल काढून, पुन्हा घालून बघा.

चुकून लर्निंग मोडमध्ये गेला. आमच्याकडे आठवड्याभरात हे झालं. आजीने सेट दाबून धरलं आणि आवाजाचं बटण पुसलं गेलं. मी पुन्हा शिकवलं आणि सेट बटणावर सेलोटेप लावली. बॉक्सच्या आवाजाच्या बटणांवरही लावली.

बटणं ओळखू येत नाहीत. टीव्हीच्या पॉवरवर आईचं लाल नेलपॉलिश, आवाजाच्या दोन बटणांवर पांढरं. वाळल्यावर त्याचा उंचवटा बोटाला लागतो. अंधारातही सापडतं.

जुने रिमोट टाकू नका. सेल काढून, एका पिशवीत घालून ठेवा. सेल आत राहिले तर पाझरून रिमोट खराब होतात. टीव्हीच्या सेटिंगसाठी आणि पुन्हा शिकवण्यासाठी ते लागणारच.

घेण्याआधी एवढं बघा

घरातला टीव्ही सगळ्यात जास्त वेळ कोण बघतं, आणि ते माणूस एकटं असताना काय करेल?

लाईट जाऊन आल्यावर ही सगळी रचना पुन्हा आपोआप उभी राहते का? मेन स्विच बंद-चालू करून खरंच तपासा.

कोणती उपकरणं इन्फ्रारेडवर आहेत आणि कोणती ब्लूटूथवर? ब्लूटूथची असतील तर नव्या रिमोटच्या खोक्यावर ब्लूटूथचा स्पष्ट उल्लेख आहे का?

सीईसीने एखादा रिमोट फुकटात कमी होतोय का? आधी ते करून बघा, मग पैसे खर्च करा.

मॅक्रो हवाच असेल तर 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड मिळतात का?

बटणं रबरी, मोठी आणि वेगवेगळ्या आकाराची आहेत का? टचस्क्रीन दिसायला भारी, पण म्हाताऱ्या बोटांना बटण दाबल्याचं कळायला हवं.

तो मॅक्रोवाला रिमोट वाया गेला का? नाही. तो आता माझ्या हॉस्टेलच्या खोलीत आहे, आम्हा तिघांना नीट वापरता येतो. वस्तू चांगली होती, मी ती चुकीच्या माणसासाठी घेतली होती.

शेवटचं एक काम मी केलं ते सांगतो. सगळं सेट झाल्यावर मी आजीच्या हातात रिमोट दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. हॉलमध्ये थांबलो असतो तर तिने मलाच विचारलं असतं आणि मी सांगूनही टाकलं असतं. आत उभा राहून ऐकत होतो. मिनिटभर काहीच नाही. मग एकदम मोठ्याने जाहिरात लागली, आवाज हळूहळू कमी झाला आणि चॅनल बदलत बदलत टाळ-मृदंगावर येऊन थांबला.

"जमलं का गं आजी?" मी आतूनच विचारलं.

"थांब जरा, सुरू झालंय," आजी म्हणाली.

तुमच्या घरीही असे चार रिमोट असतील तर या रविवारी कागद-पेन घेऊन बसा. आणि शेवटी चाचणी घेताना खोलीच्या बाहेर जायला विसरू नका.